खाण व्यवस्थापन

खाण व्यवस्थापन म्हणजे खनिजाचा शोध लागल्यानंतर खाण सुरू करणे, ती सुरक्षितपणे व किफायतशीरपणे चालवणे, तेथील कामगारांची भरती, प्रशिक्षण, आरोग्य व कल्याण यांची व्यवस्था ठेवणे आणि खनिज संपल्यावर ती जमीन योग्य स्थितीत आणून खाण बंद करणे, या सर्व कार्यांचे नियोजन व नियंत्रण होय. कारखान्याच्या व्यवस्थापनाशी त्याचे बरेच साम्य असले तरी एक मूलभूत फरक आहे. कारखान्यात कामाची जागा माणसाने बांधलेली असते व ती रोज सारखीच राहते. खाणीत कामाची जागा निसर्गाने घडवलेली असते आणि खोदकामामुळे ती रोज बदलते. काल सुरक्षित असलेला कडा आज सुरक्षित असेलच असे नाही. त्यामुळे खाणीच्या व्यवस्थापनात रोजची तपासणी, लेखी नोंद आणि जबाबदारीची स्पष्ट वाटणी यांना विशेष महत्त्व आहे.

महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर जिल्ह्यांत कोळशाच्या, नागपूर व भंडारा जिल्ह्यांत मँगनीजच्या, गडचिरोली व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत लोहखनिजाच्या, तर कोल्हापूर जिल्ह्यात बॉक्साइटच्या खाणी आहेत. याशिवाय जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात बांधकामाच्या दगडाच्या खाणी आढळतात.

संज्ञा व व्याप्ती

खाणींचे दोन मुख्य प्रकार आहेत. वरचा मातीचा व निरुपयोगी खडकाचा थर काढून खनिज उघड्यावर खोदले जाते तिला उघडी खाण म्हणतात. जमिनीखाली विवर किंवा बोगदे खोदून काम चालते ती भूमिगत खाण होय. दोन्हींतील धोके वेगळे असल्याने व्यवस्थापनाचा भरही वेगळ्या गोष्टींवर असतो. भूमिगत खाणीत छत कोसळणे, विषारी व ज्वालाग्राही वायू, आग, पाणी घुसणे आणि हवा खेळती ठेवणे हे मुख्य प्रश्न आहेत. उघड्या खाणीत कडा ढासळणे, सुरुंगाचे दगड उडणे, अवजड वाहनांचे अपघात व धूळ यांकडे लक्ष द्यावे लागते.

भारतीय कायद्यात खाणीशी संबंधित तीन जबाबदार व्यक्ती मानल्या आहेत. मालक, मालकाच्या वतीने काम पाहणारा अभिकर्ता आणि प्रत्यक्ष खाण चालवणारा व्यवस्थापक. व्यवस्थापकाकडे शासनमान्य परीक्षेचे सक्षमता प्रमाणपत्र असावे लागते. खाणीच्या आकारानुसार प्रथम अथवा द्वितीय श्रेणीचे प्रमाणपत्र आवश्यक ठरते.

ऐतिहासिक आढावा

प्राचीन भारतात खाणींच्या व्यवस्थेचा विचार कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त आढळतो. त्यात आकराध्यक्ष, लोहाध्यक्ष, खन्यध्यक्ष व लवणाध्यक्ष अशा अधिकाऱ्यांची कर्तव्ये सांगितली आहेत. ज्या खाणीला खर्च व श्रम फार लागतात ती हिश्श्याने अथवा ठरावीक रकमेने दुसऱ्याला चालवण्यास द्यावी आणि जी सहज चालते ती राज्याने स्वतः चालवावी, असे धोरण तेथे मांडले आहे. खाणपट्टा भाड्याने देण्याच्या आजच्या पद्धतीचा विचार करताना हे तत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे.

युरोपात गेऑर्ग आग्रिकोला याचा 'दे रे मेतालिका' हा लॅटिन ग्रंथ १५५६ साली, त्याच्या मृत्यूनंतर, बाझल येथे प्रसिद्ध झाला. त्यात खाणीतील अधिकाऱ्यांची उतरंड, कामाच्या पाळ्या, हिशेब ठेवण्याची रीत आणि खाणकामगारांना होणारे रोग यांचे तपशीलवार वर्णन आहे.

आधुनिक व्यवस्थापनशास्त्राचा एक प्रमुख प्रवाहच खाणीतून उगम पावला. आंरी फायोल (१८४१–१९२५) हा फ्रेंच अभियंता १८६० साली कोमांत्री येथील कोळसा खाणीत नोकरीस लागला. १८८८ साली त्याची त्या कंपनीच्या प्रमुखपदी नेमणूक झाली तेव्हा कंपनी डबघाईला आली होती. १९१८ साली तो निवृत्त झाला तेव्हा ती भक्कम स्थितीत होती. आपल्या अनुभवाच्या आधारे त्याने १९१६ साली व्यवस्थापनाची चौदा तत्त्वे मांडली. उच्च माध्यमिक वाणिज्य शाखेचे विद्यार्थी आज जी 'फायोलची तत्त्वे' अभ्यासतात, त्यांचे मूळ एका कोळशाच्या खाणीत आहे.

भारतात ब्रिटिश राजवटीत कोळसा व सोन्याच्या खाणी वाढल्या तसे अपघातही वाढले. कोलार सुवर्णक्षेत्रातील १८९७ च्या मोठ्या अपघातानंतर कायद्याची निकड भासू लागली आणि १९०१ साली पहिला खाण अधिनियम झाला. १९०२ साली खाण तपासणीचे स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले. तेच आजचे खाण सुरक्षा महासंचालनालय होय. त्याचे मुख्यालय धनबाद येथे आहे. पुढे १९२३ व १९५२ साली नवे अधिनियम आले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबादच्या कोळसा खाणींना भेट दिली. कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा अध्यादेश १९४४ साली त्यांच्याच कारकिर्दीत निघाला.

व्यवस्थापनाची मूलभूत तत्त्वे

आज्ञेची एकता: एका माणसाला एकाच वरिष्ठाकडून आज्ञा मिळावी, हे फायोलचे तत्त्व खाणीत जिवावर बेतू शकणाऱ्या गोंधळाला आळा घालते. १९५२ च्या खाण अधिनियमाने त्याला कायद्याचे बळ दिले. मालकाने व्यवस्थापकाला दिलेल्या सूचना लगेच लेखी कळवाव्यात आणि आणीबाणीचा प्रसंग वगळता व्यवस्थापकाच्या हाताखालील माणसांना त्यांच्या वैधानिक कर्तव्यांवर परिणाम करणाऱ्या सूचना मालकाने परस्पर देऊ नयेत, असा दंडक त्यात आहे. उत्पादन वाढवण्याच्या घाईत मालकाने फोरमनला थेट हुकूम सोडावा आणि अपघात झाल्यावर जबाबदारी व्यवस्थापकावर यावी, हा प्रकार टाळणे हा त्यामागील हेतू आहे.

अधिकाराचे सातत्य: फायोलने आपल्या उमेदवारीच्या काळातील एक प्रसंग नमूद केला आहे. १८६१ साली खाणीत काम करणाऱ्या एका घोड्याचा पाय मोडला. दुसरा घोडा मागवण्याचा आदेश फायोलने लिहून दिला, परंतु त्यावर संचालकांची सही नाही म्हणून तबेल्याच्या माणसाने घोडा देण्यास नकार दिला. संचालक गावाला गेले होते आणि त्यांच्या जागी कोणाचीही नेमणूक नव्हती. घोड्याअभावी त्या भागातील काम थांबले. अधिकारपद क्षणभरही रिकामे राहता कामा नये, असा निष्कर्ष फायोलने काढला. भारतीय नियमांतही व्यवस्थापक तात्पुरता गैरहजर असल्यास पात्र व्यक्तीला लेखी अधिकार देऊन नेमावे लागते.

पर्यवेक्षणाची साखळी: व्यवस्थापकाच्या हाताखाली सहायक व्यवस्थापक, फोरमन, मेट व सुरुंग उडवणारा ब्लास्टर अशी साखळी धातुखनिजांच्या खाणींत असते. कोळसा खाणीत ओव्हरमन व सरदार ही पदे आढळतात. यांपैकी प्रत्येकाला स्वतंत्र प्रमाणपत्र लागते. पाळी सुरू होण्यापूर्वी कामाची जागा पाहणे, सैल दगड पाडून घेणे आणि पाहणीचा अहवाल वहीत लिहून सही करणे हे कनिष्ठ पर्यवेक्षकाचे काम असते. ही वही केवळ कारकुनी बाब नव्हे. पहिल्या पाळीने पाहिलेला धोका दुसऱ्या पाळीला कळण्याचे ते खात्रीचे साधन आहे.

नकाशे व नोंदी: खाणीचा अद्ययावत नकाशा ठेवणे हे व्यवस्थापनाचे अनिवार्य कर्तव्य आहे. जुन्या, सोडून दिलेल्या खोदकामात पाणी साठते. शेजारी नवे काम करताना मध्ये पुरेशा जाडीची भिंत राखावी लागते. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळील चासनाला कोळसा खाणीत साठलेले पाणी अशी भिंत फोडून आत शिरले आणि ३७५ कामगार मृत्युमुखी पडले. भारतीय खाण इतिहासातील ही सर्वांत भीषण दुर्घटनांपैकी एक होय.

उत्पादन व सुरक्षितता: ही दोन उद्दिष्टे परस्परविरोधी आहेत असा समज आढळतो. प्रत्यक्षात अपघात झालेली खाण चौकशी पूर्ण होईपर्यंत अंशतः वा पूर्णतः बंद राहू शकते. धोका दिसल्यास काम थांबवण्याचा आदेश देण्याचा अधिकार निरीक्षकाला आहे. तथापि अल्पकाळात सुरक्षिततेवरील खर्च टाळून नफा दिसतो हेही खरे आहे. म्हणूनच हा विषय केवळ मालकाच्या सदिच्छेवर न सोडता कायद्याच्या कक्षेत आणला गेला.

उघड्या खाणीतील पायऱ्या: धातुखनिज खाण नियमावली, १९६१ नुसार माती, मुरूम यांसारख्या भुसभुशीत थरात कडेचा उतार ४५ अंशांपेक्षा अधिक तीव्र नसावा, अथवा दीड मीटरपेक्षा जास्त उंची नसलेल्या पायऱ्या काढाव्यात आणि पायरीची रुंदी तिच्या उंचीपेक्षा कमी नसावी. कठीण खडकात बाजूंना पुरेशा पायऱ्या वा उतार देऊन अथवा आधार देऊन त्या सुरक्षित ठेवाव्या लागतात. यंत्रांनी चालणाऱ्या खाणींत याहून उंच पायऱ्यांसाठी स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते. खालून पोखरून वरचा भाग ओघाने पाडण्याची पद्धत धोकादायक असून ती निषिद्ध आहे.

कामगार व्यवस्थापन

प्रशिक्षण: १९६६ च्या व्यवसाय प्रशिक्षण नियमांनुसार नव्या कामगाराला प्रत्यक्ष कामावर पाठवण्यापूर्वी प्रशिक्षण द्यावे लागते. काम बदलले अथवा दीर्घ रजेनंतर कामगार परतला तरी उजळणीची सोय असावी लागते.

कामाचे तास व रजा: १९५२ च्या अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. जमिनीवरील कामासाठी दिवसाला ९ तास व भूमिगत कामासाठी ८ तास ही कमाल मर्यादा ठरवण्यात आली. आठवड्यातून एक दिवस सुट्टी आणि जादा कामासाठी दुप्पट दराने वेतन ही तरतूदही त्यात आहे. भूमिगत कामगाराला कामाच्या दर १५ दिवसांमागे एक दिवस व इतरांना दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. अठरा वर्षांखालील व्यक्तीला खाणीत कामावर ठेवण्यास मनाई आहे. प्रशिक्षणार्थींना मात्र काही अटींवर सूट आहे.

वेतनपद्धती: रोजंदारी व उक्ते काम अशा दोन पद्धती रूढ आहेत. उक्त्या कामात जितके खनिज तितके पैसे असल्याने उत्पादन वाढते, परंतु कामगार आधार लावणे, सैल दगड काढणे यांसारख्या मोबदला न मिळणाऱ्या कामांकडे दुर्लक्ष करण्याची शक्यता असते. म्हणून सुरक्षिततेच्या कामांचा स्वतंत्र मोबदला ठेवणे किंवा किमान वेतनाची हमी देऊन त्यावर उत्पादन भत्ता देणे अधिक योग्य मानले जाते.

कामगारांचे गट: लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील एरिक ट्रिस्ट व केन बॅमफोर्थ यांनी इंग्लंडमधील कोळसा खाणींचा अभ्यास करून १९५१ साली एक लेख प्रसिद्ध केला. पूर्वी लहान गट एकमेकांच्या भरवशावर संपूर्ण काम पार पाडत. यंत्रे आल्यावर कामाचे तुकडे होऊन ते वेगवेगळ्या पाळ्यांत वाटले गेले. यंत्रे सुधारूनही अपेक्षित उत्पादन मिळाले नाही, उलट गैरहजेरी व असंतोष वाढला. यंत्ररचना व माणसांचे परस्परसंबंध यांचा विचार एकत्रच करावा लागतो, हा या अभ्यासाचा निष्कर्ष व्यवस्थापनशास्त्रात मान्यता पावला.

कामगारांचा सहभाग: १९५५ च्या खाण नियमांनुसार शंभरपेक्षा अधिक कामगार असलेल्या खाणीत सुरक्षा समिती असावी लागते. पाचशे वा अधिक कामगार असलेल्या खाणीत कामगार संघटनांशी विचारविनिमय करून कामगार निरीक्षक नेमले जातात. धोका प्रथम दिसतो तो प्रत्यक्ष काम करणाऱ्याला, हे या तरतुदींमागील तत्त्व आहे. समितीच्या बैठका केवळ कागदोपत्री झाल्या तर हा हेतू विफल होतो.

आरोग्य: दगडाच्या बारीक धुळीतील सिलिका फुप्फुसात साठून सिलिकोसिस हा बरा न होणारा विकार जडतो. मँगनीजच्या धुळीने मज्जासंस्थेवर परिणाम होतो. हे दोन्ही अधिसूचित व्यवसायजन्य रोग असून रुग्ण आढळल्यास कळवणे बंधनकारक आहे. कामावर घेताना व त्यानंतर ठरावीक कालावधीने वैद्यकीय तपासणी करावी लागते. पाणी मारून खोदकाम करणे, रस्त्यांवर पाणी शिंपडणे व धुळीचे मापन करणे हे मुख्य उपाय आहेत. तोंडाला बांधलेले फडके ही धूळ रोखू शकत नाही.

स्त्री कामगार: १९५२ च्या अधिनियमाने स्त्रियांना भूमिगत कामास आणि जमिनीवर सायंकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत कामास मनाई केली होती. २०१९ साली अधिसूचनेद्वारे ही बंधने शिथिल करण्यात आली. स्त्रियांची लेखी संमती व सुरक्षिततेची व्यवस्था या अटींवर उघड्या खाणीत रात्रपाळी आणि भूमिगत खाणीत तांत्रिक, पर्यवेक्षकीय व व्यवस्थापकीय पदे त्यांना खुली झाली.

कोल्हापूर जिल्ह्यातील खाणी

बॉक्साइट: कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात सह्याद्रीच्या माथ्यावर जांभ्या खडकाची विस्तीर्ण पठारे आहेत. स्थानिक भाषेत त्यांना सडे म्हणतात. शाहूवाडी, राधानगरी व चंदगड या तालुक्यांतील अशा पठारांवर जांभ्याच्या थरात बॉक्साइट सापडते. राधानगरी तालुक्यातील दुर्गमानवाडी व चंदगड तालुक्यातील कासारसडा येथील खाणी विशेष प्रसिद्ध आहेत. येथील बॉक्साइट मालमोटारींनी बेळगाव येथील हिंदाल्को कंपनीच्या (पूर्वीची इंडाल) ॲल्युमिना कारखान्याकडे नेले जात असे. साधारणपणे चार टन बॉक्साइटपासून दोन टन ॲल्युमिना व त्यापासून एक टन ॲल्युमिनियम मिळते.

येथील खनिज जमिनीच्या पृष्ठभागाजवळ असल्याने खाणी उघड्या व उथळ असतात. त्यामुळे भूमिगत खाणीतील बहुतेक धोके येथे नाहीत. परंतु व्यवस्थापनापुढे तीन वेगळे प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न पावसाचा. घाटमाथ्यावरील मुसळधार पावसात खोदकाम व वाहतूक थांबवावी किंवा कमी करावी लागते. त्यामुळे वर्षभराच्या उत्पादनाचे गणित कोरड्या महिन्यांत बसवावे लागते आणि रोजंदारीवरील माणसांच्या पावसाळ्यातील उत्पन्नाचा प्रश्न निर्माण होतो. दुसरा प्रश्न वाहतुकीचा. खनिजाची वाहने अरुंद घाटरस्त्यांनी व गावांतून जातात. त्यामुळे चालकांचे कामाचे तास, वाहनाचा वेग, भरलेल्या मालावरील आच्छादन व रस्त्याची डागडुजी हे विषय खाणीच्या हद्दीबाहेरचे असले तरी व्यवस्थापनाच्या जबाबदारीबाहेरचे नसतात. तिसरा प्रश्न पर्यावरणाचा. सच्छिद्र जांभा पावसाचे पाणी धरून ठेवतो व पठाराच्या पायथ्याशी ते झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. वाड्यावस्त्यांचे पाणी अनेक ठिकाणी या झऱ्यांवर अवलंबून आहे. सड्यांवरील पावसाळी वनस्पतीही वैशिष्ट्यपूर्ण आहेत. राधानगरी अभयारण्य २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटाचा भाग म्हणून समाविष्ट झाले. त्यामुळे या परिसरातील खाणकामाला रोजगार व महसूल यांची बाजू आहे तशीच पाणी व जैवविविधता यांचीही बाजू आहे.

दगडखाणी: जिल्ह्याच्या मोठ्या भागात काळा बेसाल्ट खडक असल्याने बांधकाम व रस्त्यांसाठी दगडखाणी व खडीचे क्रशर अनेक ठिकाणी चालतात. दगडफोडीचे काम परंपरेने वडार समाजाने केले आहे. अनेक दगडखाणींत बाहेरगावचे व परराज्यांतील मजूर कुटुंबांसह खाणीजवळच राहतात.

या खाणींच्या बाबतीत कायद्यातील एक तपशील महत्त्वाचा आहे. १९५२ च्या अधिनियमात मुरूम, जांभा, बांधकामाचा दगड, वाळू इत्यादींच्या लहान उघड्या खाणींना बहुतेक तरतुदींतून सूट होती. त्यासाठी तीन अटी एकत्रितपणे पाळाव्या लागत. खोली कोठेही सहा मीटरपेक्षा अधिक नसावी, कोणत्याही दिवशी पन्नासपेक्षा अधिक माणसे कामावर नसावीत आणि स्फोटके वापरली जाऊ नयेत. यांपैकी एकही अट मोडली की सूट संपुष्टात येत असे. सुरुंग उडवणारी दगडखाण कितीही लहान असली तरी ती पूर्णार्थाने खाण ठरते व तिला प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षक, नोंदवह्या, प्रशिक्षण व वैद्यकीय तपासणी हे सारे लागू होते. ज्यांना सूट होती तेथेही मुलांना कामावर ठेवण्यासंबंधीची बंधने कायम होती.

खाण बंद करणे

खनिज संपल्यावर खड्डा तसाच सोडून देणे हे अपुरे व्यवस्थापन होय. प्रमुख खनिजांच्या बाबतीत खाणकाम आराखड्यासोबतच खाण बंद करण्याचा आराखडाही भारतीय खाण ब्यूरोकडून मंजूर करून घ्यावा लागतो. या ब्यूरोची स्थापना १९४८ साली झाली असून त्याचे मुख्यालय नागपूर येथे आहे. वरची सुपीक माती काढून वेगळी साठवणे, खोदलेला भाग क्रमाक्रमाने भरत जाणे, त्यावर ती माती पसरून झाडे लावणे व पाण्याचा निचरा व्यवस्थित करणे हे त्यातील मुख्य टप्पे आहेत. बॉक्साइटच्या उथळ खाणींत पुढे खोदकाम व मागे भराव हे एकाच वेळी चालवता येते. कामगारांच्या दृष्टीने खाण बंद होणे म्हणजे उपजीविका जाणे असल्याने त्यांची थकीत देणी, अन्यत्र सामावून घेणे व नवे कौशल्य शिकवणे यांचाही विचार आराखड्यात असणे अपेक्षित असते. २०१५ च्या कायदादुरुस्तीने खाणबाधित जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन करण्याची तरतूद झाली. खाणपट्टाधारकांच्या अंशदानातून बाधित गावांत पाणी, आरोग्य व शिक्षणाची कामे करणे हे त्यांचे उद्दिष्ट आहे.

सद्यस्थिती व प्रश्न

संसदेने २०२० साली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता संमत केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. १९५२ चा खाण अधिनियम तीत विलीन झाला आहे. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे संहितेने बंधनकारक केले आहे.

खाण व्यवस्थापनापुढील आजचा सर्वांत कठीण प्रश्न कंत्राटी कामगारांचा आहे. खोदकाम, माल भरणे व वाहतूक ही कामे अनेकदा वेगवेगळ्या कंत्राटदारांकडे असतात. अशा वेळी कामगाराला आज्ञा कंत्राटदाराचा मुकादम देतो, कामाची जागा खाणीच्या व्यवस्थापकाच्या ताब्यात असते आणि वेतन तिसऱ्याकडून मिळते. आज्ञेची एकता येथेच भंगते. कंत्राटी कामगाराचे नाव हजेरीपटावर नसेल, त्याचे प्रशिक्षण झाले नसेल, तर अपघातानंतर तो त्या खाणीत कामाला होता हे सिद्ध करण्याचा भारही त्याच्या वारसांवर पडतो. सिलिकोसिससारख्या रोगात ही अडचण अधिक तीव्र होते. रोग वर्षानुवर्षांनी प्रकट होतो, तोवर मजुराने अनेक खाणी बदललेल्या असतात आणि कोठेही त्याची नोंद सापडत नाही. नियुक्तिपत्र, हजेरीपट व वैद्यकीय तपासणीचा दाखला हे कागद म्हणूनच खाणकामगाराच्या दृष्टीने सुरक्षा साधनांइतकेच मोलाचे ठरतात.

हे सुद्धा पहा
• आंरी फायोल
• खाण सुरक्षा महासंचालनालय
• भारतीय खाण ब्यूरो
• सिलिकोसिस
• बॉक्साइट
• राधानगरी अभयारण्य